अवकाशक्रीडांतील गोदीप्रवेश आणि नियंत्रकाची वाणी

अवकाशयानांच्या व्हिडिओ गेमांविषयी जे परीक्षणात्मक लेखन होते ते बहुतांशी डोळ्याचे आणि हाताचे असते. चित्र किती हुबेहूब आहे, यानाचे जडत्व हाताला जाणवते की नाही, वेग कसा आवरतो, यांची चर्चा पुष्कळ होते. यान स्थानकाच्या जवळ आल्यावर जी वाणी कानी पडते, जिच्यातून प्रवेशाची परवानगी दिली किंवा नाकारली जाते, तिच्याकडे मात्र परीक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. भाषेच्या अभ्यासकाला नेमके तेथेच थांबावेसे वाटते. हे खेळ स्वतःला 'सिम्युलेशन', म्हणजे प्रत्यक्षाचे प्रतिरूप, म्हणवतात. तेव्हा नियंत्रक आणि चालक यांच्यातील संभाषणाचे प्रतिरूप त्यांत कितपत उतरले आहे, हा प्रश्न गौण मानता येणार नाही. प्रत्यक्षातील वाहतूक-नियंत्रण हे प्रथमतः भाषेचे कर्म आहे; हाताचे कर्म त्यामागून येते.

आरंभी एका शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. इंग्रजीतील 'डॉकिंग' या एका शब्दात दोन निराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. जहाज गोदीत शिरते तेव्हा गोदी त्याला आपल्या पोटात घेते. गोदीला मालक असतो, नियम असतात, दरवाजा असतो. दोन याने अवकाशात एकमेकांना जोडली जातात तेव्हा कोणीच कोणाच्या पोटात जात नाही. तेथे केवळ सांधा जुळतो. मुंबईच्या गोद्यांमुळे पहिल्या क्रियेचा शब्द मराठीत केव्हाचाच रुळलेला आहे. दुसरीला 'सांधणी' म्हणण्यास हरकत नसावी. २०२५ साली भारतीय उपग्रहांच्या सांधणीच्या वार्ता मराठी पत्रांतून 'डॉकिंग' याच नावाने आल्या, आणि त्यात वावगेही काही नाही. पण खेळांचे परीक्षण करताना हा भेद ध्यानात ठेवला नाही तर दोन निराळ्या जातींचे खेळ एकाच मापाने मोजले जातात.

या विषयाला वऱ्हाडात एक विशेष औचित्य आहे. अकोल्यालगत शिवणी येथे धावपट्टी आहे, परंतु नियमित प्रवासी विमानसेवा तेथे रुजलेली नाही. अमरावतीजवळील बेलोऱ्याहून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. या भागातील तरुणाच्या कानावर नियंत्रकाची वाणी जर पडली असेल तर ती विमानतळावर पडण्यापूर्वी संगणकाच्या खेळातच पडली असण्याचा संभव अधिक. खेळ त्या वाणीचे जे रूप दाखवील तेच त्याला त्या वाणीचे खरे रूप वाटणार.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'एलिट'. सप्टेंबर १९८४ मध्ये तो ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध झाला. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल हे त्याचे कर्ते केंब्रिजचे विद्यार्थी होते. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइटांची. त्यामुळे सगळे विश्व काही रेषांनी उभे केलेले. स्थानक आपल्या आसाभोवती फिरते, त्याच्या एका बाजूस आयताकृती फट असते, आणि खेळाडूने यान अगदी सरळ रेषेत आणून, स्थानकाच्या फिरण्याशी आपले फिरणे जुळवून, त्या फटीतून आत शिरावयाचे असते. जरा कोन चुकला की यानाचा चुराडा. या सर्व प्रसंगात कोणीही काही बोलत नाही. पुढे कमोडोर ६४ या संगणकावरील आवृत्तीत यान आपोआप आत नेणारे यंत्र विकत घेतले की 'ब्ल्यू डॅन्यूब' ही स्ट्राउसची रचना वाजू लागते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातील स्थानकप्रवेशाला केलेले हे वंदन होय, त्या दृश्यातही शब्द नाही, केवळ वाद्यवृंद आहे. 'एलिट'चे मौन साधनांच्या तुटपुंजेपणातून आलेले असले तरी ते प्रामाणिक आहे. त्या खेळाने संभाषणाचा आव आणलेला नाही, म्हणून त्याच्यावर खोटेपणाचा आरोपही करता येत नाही.

खरा प्रश्न उपस्थित होतो तो डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या 'एलिट डेंजरस'पासून. येथे स्थानकापासून साडेसात किलोमीटरांच्या आत आल्यावर परवानगी मागावी लागते. ती मिळाली की एका तळाचा क्रमांक दिला जातो; मोठ्या स्थानकांत असे ४५ तळ असतात. प्रवेशासाठी दहा मिनिटांची मुदत असते. फटीतून आत जाताना हिरवे दिवे उजव्या हातास हवेत. बंदरात शिरणाऱ्या जहाजाने हिरवी खूण उजवीकडे ठेवावी, या भारतीय किनाऱ्यावरही चालणाऱ्या संकेताची ही छाया आहे. परवानगीवाचून आत घुसणाऱ्या यानावर स्थानक गोळीबार करते, आणि रेंगाळणे हा गुन्हा आहे अशी तंबीही ऐकू येते. नियंत्रक यानाला हाक मारतो ती निर्मात्याचे नाव आणि खेळाडूच्या नावाची पहिली तीन अक्षरे मिळून; आणि ती अक्षरे 'अल्फा, ब्राव्हो' या वर्णमालेत उच्चारली जातात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ मार्च १९५६ पासून अमलात आणलेली वर्णमाला ती हीच. इतका तपशील अन्य कोणत्याही अवकाशक्रीडेत क्वचितच सापडेल, आणि त्याबद्दल कर्त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

तथापि या वाणीची एक साधी परीक्षा घेता येते. खेळाचा आवाज पूर्णपणे बंद करावा आणि यान आत न्यावे. काही बिघडत नाही. परवानगी यादीतील एक नोंद निवडून मागितली जाते, तिचे उत्तर अक्षरांत उमटते, तळाचा क्रमांक डोळ्यांसमोर झळकतो. नियंत्रकाचे शब्द ऐकले काय आणि न ऐकले काय, फल एकच. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या खेळात द्वितीय पुरुष एकाच दिशेने चालतो. स्थानक खेळाडूला 'तू' म्हणते. खेळाडूला स्थानकास 'तू' म्हणण्याची सोयच नाही. २००३ च्या 'फ्रीलान्सर'मध्ये आवाज अधिक मोकळे आणि निरनिराळे आहेत, पण या परीक्षेत त्याचीही गत तीच होते. काही खेळाडू 'व्हॉइसअटॅक' नावाची स्वतंत्र आज्ञावली जोडून तोंडाने आज्ञा देतात. परंतु ती आज्ञा स्वतःच्या यंत्राला असते. बोललेल्या शब्दाचे रूपांतर कळ दाबण्यात होते एवढेच. नियंत्रकापर्यंत शब्द पोचत नाही.

एकेरी रेल्वेमार्गावर पूर्वापार चालत आलेली टोकनाची पद्धत येथे आठवते. दोन स्थानकांमधील मार्गावर जाण्याचा अधिकार एका वस्तूत साठवलेला असतो. ती वस्तू चालकाच्या हाती असेल तर त्याने जावे, नसेल तर जाऊ नये. ही परवानगी बोलली जात नाही, हातात दिली जाते. आणि म्हणूनच ती चुकीची ऐकू येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. 'एलिट डेंजरस'मधील परवानगी याच जातीची आहे. तळाचा लकाकणारा क्रमांक हे टोकन आहे, आणि दहा मिनिटांची मुदत हा त्या टोकनाला दिलेला उत्तम गुणधर्म आहे. वाणी हा त्यावर चढवलेला पोशाख.

विमानवाहतुकीतील परवानगी अशी वस्तुरूप नसते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांतून आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून हे विवेचन सर्वपरिचित झाले आहे की, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती वस्तुस्थिती घडवतात. परवानगीचे वाक्य या वर्गातले. परंतु त्याच विवेचनाचा दुसरा भाग बहुधा विसरला जातो: श्रोत्याने ते वाक्य त्याच अर्थाने ग्रहण केल्याखेरीज कर्म पुरे होत नाही. विमानवाहतुकीने या ग्रहणाची पक्की व्यवस्था लावलेली आहे. नियंत्रकाने सांगितलेली महत्त्वाची आज्ञा वैमानिकाने पुन्हा उच्चारावयाची, आणि तो प्रत्युच्चार बरोबर आहे की नाही हे नियंत्रकाने ऐकावयाचे. परवानगी देणारा आणि घेणारा दोघेही बोलतात तेव्हाच परवानगी अस्तित्वात येते.

ही व्यवस्था किती आवश्यक आहे हे २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर दिसले. धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. डच विमानाच्या सहवैमानिकाने मार्गाची परवानगी पुन्हा उच्चारताना, आपण आता उड्डाणाशी आहोत अशा अर्थाचे चार शब्द शेवटी जोडले. नियंत्रकाने त्यांचा अर्थ उड्डाणाच्या जागी उभे आहोत असा घेतला. विमान प्रत्यक्षात धावू लागले होते. थांबण्याची जी सूचना त्याने लगोलग दिली ती दुसऱ्या विमानाच्या त्याच क्षणी झालेल्या प्रक्षेपणामुळे नीट ऐकू गेली नाही. स्टीव्हन कुशिंग यांनी १९९४ च्या 'फेटल वर्ड्स' या पुस्तकात त्या चार शब्दांमागे डच भाषेतील चालू काळाची रचना असावी, अशी उपपत्ती मांडली आहे. या अपघातानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देणे वा रद्द करणे यांसाठीच राखून ठेवण्यात आला. एरवी दुसरा शब्द वापरावयाचा. चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले, त्या चौकशीतही कझाक विमानाच्या चालकांचे इंग्रजीचे आकलन हा मुद्दा पुढे आला होता.

मराठी भाषकाला टेनेरीफची घटना परकी वाटण्याचे कारण नाही. चपला पायात सरकवण्यापूर्वी 'निघालो' असे दूरध्वनीवर सांगणारा आणि अर्ध्या तासाच्या अंतरावरून 'आलोच' म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. नजीकच्या भविष्यासाठी भूतकाळाचे रूप वापरणे हा भाषेचा मान्य प्रयोग आहे. वर्तमानाच्या जवळच्या काळाला वर्तमानाची रूपे चालतात हे पाणिनीनेही नोंदवून ठेवले आहे. घरगुती व्यवहारात या लवचिकपणाने काही अडत नाही. पण धावपट्टीवर वा स्थानकाच्या दाराशी 'आलो' या शब्दाचे दोन अर्थ घातक ठरतील. वऱ्हाडी बोलीजवळ या बाबतीत एक साधन अधिक आहे. 'येऊन राह्यलो' हे रूप क्रिया चालू असल्याचे असंदिग्धपणे सांगते. प्रमाण मराठीतील 'येतो' तसे सांगत नाही. बोलीला अपभ्रष्ट समजणाऱ्यांनी या एका रूपाचा तरी विचार करावा.

उलट बाजूने असे म्हटले जाईल की, खेळ हा खेळ आहे. प्रत्युच्चाराचे कंटाळवाणे सोपस्कार त्यात कशाला? हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण याच खेळाडूंनी वेग आवरण्याचे, कोन जुळवण्याचे, दिवे उजवीकडे ठेवण्याचे सोपस्कार आनंदाने पत्करले आहेत. हाताच्या चुकीत नाट्य आहे हे या खेळांना कळले. कानाच्या चुकीत त्याहून मोठे नाट्य आहे हे त्यांना उमगलेले दिसत नाही.

सांधणीच्या खेळांचा विचार वेगळा करावा लागतो. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मध्ये २०१२ च्या डिसेंबरपासून याने सांधण्याची सोय झाली. येथे कक्षेचे गतिशास्त्र मुळाबरहुकूम आहे: पुढच्या यानाला गाठावयाचे तर वेग वाढवून भागत नाही, खालच्या कक्षेत उतरावे लागते. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातून मॅक्डिव्हिट आपल्याच अग्निबाणाच्या टप्प्याकडे यान रेटू पाहत होते आणि तो टप्पा दूरच जात होता. तो अनुभव या खेळात विद्यार्थी घरबसल्या घेतो. या खेळात नियंत्रक नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण दोन्ही याने एकाच खेळाडूची असतात. ज्याची परवानगी मागावी असा परका येथे कोणी नाही. द्वितीय पुरुषच नसल्याने मौन यथार्थ ठरते. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये खुले केलेले आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाशी सांधणीचे प्रात्यक्षिकही असेच निःशब्द आहे. सर्व हिरवे आकडे ०.२ च्या खाली आणले की सांधा जुळतो. येथे मात्र मौन खटकते. प्रत्यक्षात त्या स्थानकाभोवती २०० मीटर त्रिज्येचा गोल राखलेला असतो आणि त्यात शिरण्यापूर्वी पुढे जावे की न जावे याचा निर्णय उच्चारला जातो.

भारताच्या स्पॅडेक्स मोहिमेत हा निर्णयांचा क्रम विशेष स्पष्ट दिसला. सुमारे २२० किलो वजनाचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० ने सोडण्यात आले. ठरलेली सांधणी दोनदा पुढे ढकलली गेली. १२ जानेवारीला उपग्रह १५ मीटरांपर्यंत, मग ३ मीटरांपर्यंत जवळ आणले गेले आणि पुन्हा दूर नेण्यात आले. १६ जानेवारी २०२५ रोजी सांधा जुळला. जवळ येण्याचे काम यंत्रांनी स्वतः केले. पण ठराविक अंतरांवर थांबे नेमलेले होते, आणि थांब्यावरून पुढे जाणे हे जमिनीवरील निर्णयावर अवलंबून होते. जवळ जाण्याची क्रिया अशी वाक्यावाक्याने घडते, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी विराम असतो. खेळांत हा विराम नाही. तेथे खेळाडू एका दमात आत शिरतो. तीन मीटरांवर येऊन परत फिरणे हे यश असू शकते, हे कोणताही खेळ शिकवत नाही.

विरामाचे महत्त्व समजण्यासाठी अवकाशात जाण्याची आवश्यकता नाही. एस.टी. बसमध्ये वाहकाची एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. थांबण्याची खूण आखूड ठेवलेली आहे, कारण तीच तातडीची. बस मागे घेत फलाटाला लावताना वाहक मागे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत जातो आणि शेवटी एक 'बस्स' उच्चारतो. या 'येऊ द्या' ची घडण पाहण्यासारखी आहे. येणारी बस, येऊ देणारा चालक, आणि बोलणारा वाहक असे तीन पक्ष दोन शब्दांत बसले आहेत. परवानगी देण्याचा अधिकार चालकाकडेच राहतो; वाहक त्याला केवळ अंतराची साक्ष देतो. शिवाय ही परवानगी एकदा देऊन संपत नाही, क्षणोक्षणी नवी करावी लागते. वाहक गप्प झाला की शहाणा चालक ब्रेकवर पाय ठेवतो. इंग्रजी नियंत्रणभाषेतील परवानगीचे वाक्य कर्त्यावाचून, कर्मणी वळणाचे असते. त्याचा शब्दशः अनुवाद करून मराठी नियंत्रणभाषा घडवू पाहणाऱ्याने अकोल्याच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहावे.

मराठीत अशी भाषा घडवताना पारिभाषिक संज्ञांची वाण ही खरी अडचण नव्हे. अडचण अंकांची आहे. 'एलिट डेंजरस'मधील तळांचे क्रमांक मराठीत उच्चारून पाहावेत. २९ आणि ३१: एकोणतीस, एकतीस. ३९ आणि ४१: एकोणचाळीस, एक्केचाळीस. खरखरत्या ध्वनिक्षेपकावर या जोड्या वेगळ्या ओळखू येणे दुरापास्त. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा अंगीकार झाला तेव्हा मोठा गदारोळ उठला, आणि गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. टीकाकारांनी भाषेच्या सौंदर्याचा प्रश्न उठवला. श्रवणाचा प्रश्न मात्र मागेच राहिला. विमानवाहतुकीत अंक सुटे उच्चारले जातात, आणि नऊ व पाच यांच्या इंग्रजी उच्चारांना मुद्दाम मुरड घातलेली आहे. मराठीत अंक सुटे केले तरी चार, पाच, सात, आठ या चारही शब्दांत एकच दीर्घ 'आ' आहे. खरखरीत व्यंजने बुडाली की उरतो तो स्वर. येथे कोणत्या उच्चाराला कोठे मुरड घालावी, हे प्रयोगाने ठरवण्याजोगे काम आहे आणि ध्वनिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

त्या कामाला उपयोगी पडेल असा एक खेळ आजही उपलब्ध आहे, आणि तो चित्रांच्या दृष्टीने अगदी सामान्य आहे. टॉम रॉबर्टसन यांच्या 'आर्टेमिस'मध्ये पाचसहा जण एका खोलीत आपापल्या संगणकांपुढे बसतात. एकाकडे सुकाणू, एकाकडे संदेशवहन, एकाकडे यंत्रे. कप्तानापुढे कोणतीही कळ नाही. त्याच्याजवळ केवळ तोंड आहे. स्थानकाला लागावयाचे तर त्याने सांगावे, सुकाणूवाल्याने ऐकावे, आणि ऐकले ते बरोबर ऐकले की नाही हे पुन्हा विचारले जावे. आवाज बंद करण्याची पूर्वोक्त परीक्षा येथे घेतली तर खेळच थांबतो. आणि वाणी खेळाडूंची स्वतःची असल्याने भाषांतराचा प्रश्न उद्भवत नाही. अकोल्यातील विद्यार्थ्यांनी तो खेळला तर तो वऱ्हाडीतच खेळला जाईल. सुकाणूवरून 'आलोच' असे उत्तर आले की कप्तानाला विचारणे भाग पडेल: 'आला, का येऊन राह्यला?'